बोनेटच्या पलीकडे माणसं उभी आहेत

आलिशान एसयूव्हीला रूप देणाऱ्या मुख्य रचनाकार महाशयांस,

तुमचं नाव मी घेत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. गेडनपासून म्युनिकपर्यंत आणि स्टुटगार्टपासून क्रूपर्यंत तुमचे स्टुडिओ पसरलेले आहेत, आणि तुम्ही सगळे एकमेकांच्या वहीत डोकावून उत्तरं लिहिता. तेव्हा हे पत्र ज्याला लागू पडेल त्यानं ते आपल्याच नावचं समजावं.

आरोप दोन आहेत. गाडीसमोरचा माणूस चालवणाऱ्याला दिसेनासा केलात, हा पहिला. चालवणाऱ्याच्या हाताला आंधळं केलंत, हा दुसरा. पहिला गुन्हा तुम्ही बाहेरच्या पत्र्यात केलात, दुसरा आतल्या डॅशबोर्डमध्ये, आणि दोन्हींचे पैसे ग्राहकाकडून जास्तीच्या सोयी म्हणून वसूल केलेत.

तुम्हाला येत नाही म्हणून हे घडलं असतं तर मी कागद खर्च केला नसता. पण तुम्हाला येतं. तुमच्याच घराण्यात ते एकदा उत्तम जमलेलं आहे. जून १९७० मध्ये पहिली रेंज रोव्हर बाजारात आली. चार्ल्स स्पेन्सर किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड या दोन इंजिनिअरांनी तिची यंत्ररचना केली, अंगाचा साधा आराखडाही त्यांनीच आखला, आणि डेव्हिड बेच यांनी त्यावर शेवटचा हात फिरवला. त्या गाडीकडे नीट बघा. खांब बारीक, काचा उंच आणि रुंद, बसण्याची जागा उंच. बोनेटच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांवर छोटे उंचवटे ठेवले होते. ते शोभेचे नव्हते. चिखलात, दगडांत, झाडांच्या मधून वाट काढताना आपल्या गाडीचे कोपरे नेमके कुठं संपतात हे बसल्या जागेवरून कळावं, म्हणून ते होते. आत व्हिनाइलच्या सीट आणि साधं प्लॅस्टिक. शेतावरून आलेल्या माणसानं बुटांचा चिखल आत आणला तर पाण्याची नळी लावून धुऊन काढता यावा, असा तो सगळा बेत. मागचा दरवाजा आडवा दुभागलेला, म्हणजे खालच्या फळीवर बसताही यावं आणि सामानही ठेवता यावं. याच गाडीला १९७१ मध्ये औद्योगिक रचनेचा नमुना म्हणून पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये मांडलं गेलं.

त्या गाडीचं सौंदर्य कशातून आलं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तिच्या प्रत्येक रेषेला काही काम होतं. आजही तुम्ही तिचं तरंगतं छप्पर, बोनेटच्या कडा, मागची दुभागलेली फळी नव्या गाडीत जपता आणि माहितीपत्रकात त्या वारशाचा अभिमानानं उल्लेख करता. आणि ज्या कारणासाठी त्या रेषा जन्मल्या होत्या, ते कारण मात्र तुम्ही बाहेर काढून टाकलंत.

आता बाहेरून सुरुवात करू. तुमच्या धंद्यात स्केचमध्ये चाकं अवाढव्य काढतात आणि काचा चिंचोळ्या, म्हणजे कागदावर गाडी जोरकस दिसते. रेखाटनाची ती एक जुनी युक्ती होती. मातीचं मॉडेल करताना ती खाली उतरायची, प्रत्यक्ष गाडीत काचा पुन्हा माणसाच्या डोळ्याला पुरतील एवढ्या व्हायच्या. तुम्ही ती अतिशयोक्ती तशीच्या तशी कारखान्यात पाठवायला लागलात. २००८ च्या एलआरएक्स या संकल्पना-गाडीतून २०११ ची रेंज रोव्हर इव्होक आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण स्केच जसंच्या तसं रस्त्यावर उतरलं होतं. मागची काच टपालपेटीच्या फटीएवढी राहिली, हे टाळ्यांच्या आवाजात कुणी बोललं नाही. मग पुढच्या पिढीच्या इव्होकमध्ये तुम्ही आतल्या आरशाच्या जागी कॅमेऱ्याचा पडदा दिलात, कारण मागं बसलेल्यांची डोकी आणि सामान मध्ये आलं की त्या काचेतून काही दिसत नव्हतं. त्याच गाडीत आणखी एक सोय आली. पुढच्या चाकांच्या मधली जमीन कॅमेरे टिपतात आणि पडद्यावर दाखवतात, म्हणजे जणू बोनेट पारदर्शक झालंय. तंत्र हुशारीचं आहे, त्या इंजिनिअरांना मी मानतो. पण १९७० मध्ये जे काम पत्र्याच्या दोन उंचवट्यांनी फुकट केलं, त्यासाठी आज कॅमेरा, संगणक आणि पडदा लागतो. आणि पत्रा उंच केला तुम्हीच.

हा उंच पत्रा माणसं मारतो. हे माझं मत नाही. अमेरिकेतल्या हायवे सुरक्षेच्या विमा संस्थेनं नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे अठरा हजार पादचारी अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गाड्यांच्या बोनेटची पुढची कड ४० इंचांहून, म्हणजे एक मीटरहून थोडी जास्त उंच होती, त्या गाड्यांखाली सापडलेला पादचारी मरण्याची शक्यता ३० इंचांच्या आतल्या आणि उतरत्या तोंडाच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्के अधिक निघाली. बुटक्या गाडीची धडक पायांना बसते आणि माणूस बोनेटवर आडवा पडतो. उंच, सरळसोट तोंडाची धडक छातीला आणि डोक्याला बसते आणि माणूस पुढं रस्त्यावर फेकला जातो. लहान मुलाच्या बाबतीत तर सगळं शरीरच त्या भिंतीच्या उंचीचं. तीन वर्षांचं मूल ताठ उभं राहिलं तरी मीटरभराच्या आतबाहेर भरतं. तुमच्या त्या रुबाबदार नाकासमोर ते उभं असेल तर ड्रायव्हरला दिसणारच नाही.

आमच्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर ३२,८२५ पादचारी मेले, असं केंद्र सरकारच्याच अहवालात आहे. त्यातले फार थोडे तुमच्या गाड्यांखाली आले असतील. आमचे ट्रक, आमचे रस्ते, नसलेले फुटपाथ हे त्याहून मोठे गुन्हेगार आहेत आणि त्यांना मी वेगळं पत्र लिहीन. पण ज्या देशात माणसं रस्त्याच्या कडेनं नाही तर रस्त्यातूनच चालतात, तिथं समोरचं न दिसणारी गाडी विकायला आणताना तुमचा हात क्षणभर तरी अडखळायला हवा होता.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. पादचाऱ्याच्या सुरक्षेचेच नियम म्हणतात की बोनेट आणि इंजिनाच्या मध्ये मोकळी जागा हवी, म्हणून बोनेट वर गेलं. बाजूच्या धडकेचे आणि गाडी उलटण्याचे नियम म्हणतात की खांब मजबूत हवेत, म्हणून ते जाड झाले. हे खरं आहे, आणि तेवढ्यापुरतं मी ऐकून घेतो. पण नियमांनी काही बोटं उंची मागितली, बाकीची तुम्ही घेतलीत. नियमांनी तोंड सरळ भिंतीसारखं करायला सांगितलं नव्हतं. नियमांनी त्या भिंतीवर जाळी मोठी करत न्यायला सांगितलं नव्हतं.

जाळीचा विषय निघालाच आहे, तर म्युनिकच्या मंडळींशी दोन शब्द. १९३३ च्या बीएमडब्ल्यू ३०३ वर पहिल्यांदा ती दोन किडनीच्या आकाराची जाळी आली. आत रेडिएटर होता, त्याला वारा लागायचा होता. छोटं, नेमकं, ओळखीचं तोंड होतं ते. २०१८ मध्ये एक्स-सेव्हन आली तेव्हा त्या किडन्यांनी अर्धं तोंड व्यापलं होतं. २०२० मध्ये आयएक्स ही विजेवर चालणारी गाडी दाखवलीत. तिला रेडिएटरच्या वाऱ्याची ती जुनी गरज उरली नव्हती, तरी किडन्या आणखी उंच झाल्या, फक्त बंद झाल्या. आत कॅमेरे आणि सेन्सर दडवले, वर ओरखडे आपोआप बुजवणारा थर चढवला. लोकांनी नाक मुरडलं, तर कंपनीच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून टीकाकारांना कालबाह्य झालेली म्हातारी माणसं म्हणून हिणवण्यात आलं. आणि २०२२ मध्ये एक्सएम नावाच्या गाडीत त्या जाळीच्या कडेनं दिवे लावलेत, म्हणजे रात्रीच्या अंधारातही तिचा जबडा दिसावा. ज्या भोकातून वारा आत जायचा, ते भोक तुम्ही एका गाडीत बुजवलंत आणि दुसरीत त्याला रोषणाई केलीत. यात सौंदर्य कुठं आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. मला त्यात फक्त धाक दिसतो. पुढच्या गाडीच्या आरशात भरून राहणारा, तिनं बाजूला व्हावं म्हणून घडवलेला धाक. तो तुम्ही पत्र्यात ओतता आणि आमचे लोक तो सायरन आणि काळ्या काचा लावून पुरा करतात.

चाकांबद्दल फार बोलत नाही. पहिल्या रेंज रोव्हरला सोळा इंची चाकं होती आणि त्यांवर जाडजूड रबर. आता तेवीस इंची चाकं मिळतात. रबर तेवढंच पातळ झालं. पावसाळ्यात पाण्यानं भरलेला खड्डा कुणाला दिसतो? रिम वाकते, टायरच्या कडेला फुगा येतो, आणि वाट्टेल तिथून जाऊ शकेल म्हणून विकलेली गाडी ताम्हिणीच्या वळणावर टो-ट्रकची वाट बघत उभी राहते.

आता आत बसू.

मिसळणाच्या डब्यात हळद कुठं आणि मोहरी कुठं, हे रोज फोडणी घालणाऱ्या हाताला बघावं लागत नाही. नजर कढईवर असते. गाडीतली बटणं अशीच होती. एसीचं गोल बटण, आवाजाचं बटण, काचेवरची वाफ घालवायचा खटका, पुसणीचा दांडा. चार दिवसांत हाताला त्यांची जागा पाठ व्हायची. उंच कोणतं, खोलगट कोणतं, किती टक्टक् फिरवलं की किती गार, हे बोटांना कळायचं, आणि डोळे रस्त्यावर राहायचे. ही सगळी बुद्धी तुम्ही एका गुळगुळीत काचेखाली पुरलीत. काचेला कड नाही, खोली नाही. बोट कुठं टेकलंय हे बघितल्याशिवाय कळत नाही. बघायचं म्हणजे नजर रस्त्यावरून काढायची. शंभराच्या वेगात दोन सेकंद नजर खाली गेली की गाडी पंचावन्न मीटर आंधळी धावते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पुढचा ट्रक ब्रेक मारायला तुमच्या पडद्याची परवानगी घेत नाही.

स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ या मोटार-नियतकालिकानं २०२२ मध्ये याची परीक्षाच घेतली. ताशी ११० किलोमीटरच्या वेगात ड्रायव्हरनं चार साधी कामं करायची. सीट गरम करून तापमान वाढवायचं आणि काचेची वाफ घालवायची, रेडिओ लावून स्टेशन बदलायचं, अशा प्रकारची. गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळही दिला होता. बटणांनी भरलेल्या २००५ च्या जुन्या व्होल्व्हो व्ही-७० मध्ये ती सगळी कामं दहा सेकंदांत झाली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. बीएमडब्ल्यूच्या आयएक्समध्ये तीस सेकंदांहून अधिक लागले, आणि गाडी ९२८ मीटर पुढं गेली होती. सतरा वर्षांच्या प्रगतीनं तिप्पट अंतर आंधळं केलं.

तुम्ही मुख्यत्वे मालकाचा विचार करता, हे मला कळतं. आमच्याकडे ही गाडी बहुतेक वेळा पगारी ड्रायव्हर चालवतो आणि साहेब मागं बसतात. साहेबांना मागं पाय लांब करता येतात, मालिश करणारी सीट असते, चौसष्ट रंगांतला हवा तो उजेड पसरवता येतो. आणि लोणावळ्याच्या बोगद्यात शिरताना ते म्हणतात, “जरा गार कर रे.” ड्रायव्हर बिचारा एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावर नाचवतो. चुकून नकाशा पुसला जातो, मग नकाशा परत आणायचा, मग पंख्याचं चित्र शोधायचं. ओरडा बसतो तो त्याला. उद्या ट्रकच्या मागं गाडी घुसली तर तुरुंगात जाईल तोच. तुमच्या स्टुडिओत या माणसाच्या उंचीचा, त्याच्या बोटांचा, त्याच्या वयाबरोबर जवळचं अंधुक होणाऱ्या नजरेचा विचार किती झाला? चाकणच्या कारखान्यात स्टुटगार्टवाल्यांची ईक्यूएस एसयूव्ही तयार होते. तिच्यात एकाच वाकड्या काचेखाली तीन पडदे मिळून एकशेएक्केचाळीस सेंटिमीटरची पट्टी आहे, या दारापासून त्या दारापर्यंत. तो पडदा मालकाला दाखवायला उत्तम आहे. ड्रायव्हरला तो आठ तास डोळ्यांत घेऊन रात्रीचा घाट उतरायचा असतो.

आणि ते काळं, चकचकीत प्लॅस्टिक! त्याला तुम्ही पियानोचं नाव दिलंत. बोट लागलं की ठसा, फडकं लागलं की ओरखडा, ऊन लागलं की डोळ्यांवर तिरीप. पुण्यात फेब्रुवारीपासूनच धूळ उडते; सकाळी पुसलेलं दुपारी राखाडी होतं. ज्या गाडीचा पूर्वज नळीनं धुता यायचा, तिचा वारस मऊ फडक्याशिवाय हात लावू देत नाही. मलईच्या रंगाच्या सीट घेऊन माणूस कोकणातल्या लाल मातीत आजोळी कसा जाणार? गाडी दिसायला डोंगर चढणारी, आणि आत चप्पल काढून बसायची वेळ.

आत सगळंच वाईट केलंत असं मी म्हणत नाही. २०१७ च्या रेंज रोव्हर वेलारमध्ये चामड्याऐवजी डेन्मार्कच्या क्वाड्राटचं लोकरमिश्रित कापड द्यायची हिंमत तुम्ही दाखवलीत. उन्हात पोळत नाही, घामानं चिकटत नाही, आणि कुठलं जनावर त्यासाठी मरत नाही. आमच्या हवेला ते चामड्यापेक्षा कितीतरी योग्य. त्याच गाडीत मात्र दाराच्या मुठी पत्र्यात गडप झाल्या. हाताला गाठी आलेल्या आजीला दार उघडायचं तर मूठ बाहेर येईपर्यंत थांबायचं, आणि अपघातानंतर वीज गेली तर बाहेरच्या माणसानं काय धरून ओढायचं?

“गिऱ्हाइकालाच हे हवं असतं,” हे तुमचं शेवटचं उत्तर. गिऱ्हाइकाला तुम्ही जे दाखवाल त्यातूनच ते निवडतं. आणि ते कधीकधी साफ नाही म्हणतं, तेव्हा तुम्हाला ऐकू येतं, हे सिद्ध झालेलं आहे. २०१२ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात बेंटलीनं ईएक्सपी ९ एफ नावाची संकल्पना-एसयूव्ही मांडली. लोकांनी तिच्या रूपावर एवढी टीका केली की तिचं अंग पुन्हा नव्यानं काढावं लागलं, आणि २०१५ मध्ये बेंटेगा वेगळ्या तोंडानं आली. म्युनिकनंही सप्टेंबर २०२५ मध्ये नवी आयएक्स-थ्री दाखवली, तिच्या किडन्या अरुंद आणि उभ्या झाल्या आहेत. म्हणजे टीका करणारे सगळेच काही म्हातारे नव्हते. आणि युरोपातल्या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपनं ठरवलं की २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, पुसणी आणि मदतीचा कॉल यांना हातानं चालणारी खरी बटणं ठेवावी लागतील. तुम्ही स्वतः होऊन बटणं परत आणली असती तर तुमचा मान राहिला असता. आता ती परीक्षकाच्या धाकानं येतील.

स्पेन्सर किंग २०१० मध्ये गेले. त्याच्या काही वर्षं आधी, २००४ मध्ये, त्यांनी आपल्याच गाडीच्या वंशजांबद्दल जाहीरपणे सांगितलं होतं की ती प्रतिष्ठेची खूण म्हणून कधी घडवली नव्हती, आणि शहरात मुलांना शाळेत सोडायला तिचा वापर करणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. ज्यानं तिला जन्म दिला, त्याचं हे मत होतं. पहिली गाडी साडेचार मीटरच्या आत लांब आणि पावणेदोन मीटर रुंद होती. आजची लांब व्हीलबेसची रेंज रोव्हर सव्वापाच मीटरची आणि आरसे मिटूनही दोन मीटरहून रुंद. ती नारायण पेठेत शिरली की समोरच्या रिक्षेला मागं सरकावं लागतं, भाजीवाल्या बाईला टोपली उचलावी लागते, आणि शाळेची पोरं भिंतीला चिकटून उभी राहतात.

आम्हा पुणेकरांना हे सांगायचा आणखी एक हक्क आहे. २००८ मध्ये रेंज रोव्हरची कंपनी टाटांची झाली, आणि २०२४ मध्ये ती गाडी इंग्लंडमधल्या सॉलिहलच्या कारखान्याबाहेर पहिल्यांदा बांधायचं ठरलं, ते आमच्या पुण्यात. आमच्या गावातले हात आता ती जोडतात, आमचीच पोरं ती रस्त्यात ओलांडतात.

तेव्हा पुढच्या गाडीचं मातीचं मॉडेल उभं राहिलं, की हे करा. त्याच्या नाकापासून एक मीटरवर तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीची काठी रोवा. मग साडेपाच फुटी ड्रायव्हरला त्याच्या जागेवर बसवा. त्याला काठीचं टोक दिसेपर्यंत नाकाची माती खरवडत राहा, जाळी गेली तरी चालेल. ते झालं की त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि त्याला एसी दोन अंशांनी कमी करायला सांगा. त्याचा हात पहिल्या फटक्यात बटणावर पडला, तर ती गाडी इकडं पाठवा.

आपला,
पुण्याच्या रस्त्यांतून पायी जाणारा एक नागरिक